अजून एक घास : चौथीच्या आहार-प्रकल्पाच्या नोंदी

२० जून २०२५

शाळा सुरू होऊन आठवडा होत आला. आज मुख्याध्यापिका बाई आणि चौथीच्या दोन्ही वर्गशिक्षिका यांच्याबरोबर बसून मुलांचं खाणं आणि वजन-उंची बघण्याच्या प्रकल्पाची चौकट ठरवली. पुण्याच्या दक्षिण भागातली अनुदानित मराठी शाळा. पालकांत रिक्षावाले आहेत, किराणा दुकानदार आहेत, दोघंही आयटीत असलेली जोडपीही आहेत. चौथीच का, तर या वयाची मुलं आपण काय खाल्लं आणि का खाल्लं हे नीट सांगतात, आणि वयात येण्याच्या आधीचा थोडा काळ अजून हाताशी असतो.

बाईंची पहिली सूचना अशी होती, की जाड मुलांची यादी काढू आणि तेवढ्याच पालकांना बोलावू. मी नाही म्हटलं. अशी यादी कपाटात राहत नाही, दुसऱ्या दिवशी वर्गभर होते आणि त्या मुलाचं वर्ष त्यातच जातं. प्रकल्प सगळ्या मुलांसाठी आणि सगळ्या घरांसाठी असेल. दुसरं ठरलं ते शब्दांचं. ढोल्या, जाड्या, काडी, फुंकलं तर उडेल, यातलं काहीही शिक्षक गमतीतसुद्धा बोलणार नाहीत. शिपाईमामांनाही तसं सांगितलं, कारण मुलांना लाडानं हाका मारण्यात ते सगळ्यांच्या पुढे असतात.

नोंदींत मुलांची नावं येणार नाहीत. ज्याला जे आवडतं त्यावरून ओळख ठेवली आहे: कॅरम, पतंग, मांजर, चित्र.

बैठकीत एक शिक्षिका म्हणाल्या, "आपल्याकडे प्रश्न कुपोषणाचा, हे जाडीचं शहरी खूळ आहे." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे फळ्यावर लिहिले. २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. त्याच वयातली उंचीच्या मानानं जास्त वजनाची मुलं २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, ती ४.१ झाली. एक संपलं आणि मग दुसरं आलं, असं घडलेलं नाही. दोन्ही एकाच राज्यात, आणि माझ्या अनुभवात कितीदा तरी एकाच घरात असतात.

३० जून २०२५

उंची आणि वजन. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडदा लावून एकेका मुलाला आत घेतलं. बूट-मोजे काढून, कंबरपट्टा काढून, खिसे रिकामे करून. (खिशांतून निघालेल्या वस्तूंमध्ये चॉकलेटचे कागद, गोट्या आणि एक जिवंत गोगलगाय.) उंची मोजताना टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर. मूल हनुवटी वर करतं आणि अर्धा सेंटिमीटर फुकट वाढतो, म्हणून दोनदा मोजायचं. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, काट्याचा चेहरा माझ्याकडे. एका मुलीनं तरीही विचारलं, "ताई, मी पास का?" वजनात पास-नापास नसतं, तू किती वाढलीस तेवढंच बघतोय, असं सांगितलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) मोठ्यांच्या कोष्टकावर बघायचा नसतो, तो वय आणि लिंग यांच्या तक्त्यावर बघतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते वापरले. त्यांत वरच्या बाजूला दोन रेषा आहेत. मोठेपणी २३ आणि २७ बीएमआयला जाऊन मिळणाऱ्या त्या रेषा जास्त वजन आणि लठ्ठपणा दाखवतात. पाश्चात्त्य देशांतल्या तक्त्यांपेक्षा या रेषा खाली आहेत, आणि त्या तशाच हव्यात. त्याचं कारण पुण्यातच अभ्यासलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा करत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण वजन कमी असूनही अंगातली चरबी त्या मानानं टिकून होती, स्नायू कमी होते. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा शरीरावर पुढे भराभर वजन चढलं की मधुमेहाचा धोका लवकर येतो. "आमचा तर जन्मतः किडकिडीत होता, आता कुठे अंग धरलंय," हे वाक्य मी म्हणूनच कान टवकारून ऐकते.

कॅरम: १३६ सेंमी, ४३ किलो, बीएमआय २३.२. साडेनऊ वर्षांच्या मुलासाठी हा आकडा वरच्या रेषेच्याही वर जातो. मांजर उंचीच्या मानानं फारच हलकी आहे. सगळ्यांची पत्रकं बंद पाकिटात घातली, ती पालकांच्याच हातात जातील.

८ जुलै २०२५

डबे बघितले. छोट्या सुट्टीत 'सुका खाऊ', मोठ्या सुट्टीत पोळी-भाजी, असा शाळेचा नियम. सुक्या खाऊत बिस्किटं, वेफर्स, पाकिटातला केक, फरसाण. फुटाणे, गूळ-शेंगदाणे किंवा फळ अगदी मोजक्या डब्यांत. मोठ्या डब्यात पोळ्या भरपूर आणि भाजी झाकणाच्या कोपऱ्यात चमचाभर. उसळ-आमटी जवळजवळ कुणाच्याच डब्यात नाही. आयांना कारण विचारलं तर सोपं होतं: रस सांडतो, दप्तराला वास लागतो, वह्या पिवळ्या होतात. म्हणजे मुलाच्या दुपारच्या जेवणातली डाळ डब्याच्या गळक्या झाकणापायी जाते. मटकी, चवळी, हरभरा यांची सुकी उसळ आणि मुगाची धिरडी हे दोन पर्याय लिहून ठेवले.

चित्रचा डबा जवळून बघितला. चार पोळ्यांच्या तूप-साखरेच्या गुंडाळ्या, घट्ट दाबून बसवलेल्या. दीड खाऊन तो थांबला होता. पण "डबा संपवल्याशिवाय मैदानावर जायचं नाही" हा वर्गाचा नियम. उरलेल्या अडीच गुंडाळ्या त्यानं पाण्याच्या घोटांबरोबर ढकलल्या, नजर सगळा वेळ खिडकीबाहेरच्या खेळावर. पोट भरल्याचं त्याच्या शरीरानं त्याला वेळेवर सांगितलं होतं. ते ऐकायचं नाही, हे आपण त्याला रोज शिकवतो आहोत.

वर्गशिक्षिकांशी बोलले. नियम बदलला: भूक नसेल तर डबा बंद करून घरी न्यायचा, खोटं बोलायचं नाही, टाकायचं नाही. त्यांची काळजी खरी होती ("आई विचारते, बाई लक्ष देत नाहीत का?"), म्हणून तशी चिठ्ठी पालकांना मीच लिहिली.

१९ जुलै २०२५

गृहभेट, कॅरमचं घर. दोन खोल्या. आजी, आई, बाबा, कॅरम आणि पहिलीतली धाकटी बहीण. मांजर ती हीच! ती चौथीत नाही, पण पाठच्या भावंडांनाही मोजायचं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. एकाच चुलीवरचं जेवण, एकच वाढणारा हात, आणि भाऊ तक्त्याच्या वर तर बहीण खाली.

आई शिवणकामाच्या कारखान्यातून सातला येते. बाबा औषधाच्या दुकानात, यायला पावणेदहा. मुलांचं खाणं आजींकडे. आजी मूळच्या सांगोल्याकडच्या. बोलता बोलता म्हणाल्या, "बाई, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलोची, त्या बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाल्लीय. आई खडी फोडायला जायची, मी सुकडीच्या रांगेत. माझ्या हाताखालचं पोरगं अर्धपोटी उठलं, असं मी होऊ देईन का?" यावर माझ्याकडे कुठला तक्ता नव्हता. ज्या हातानं ती रांग पाहिली आहे तो हात सढळ असणारच. त्या सढळपणाला दोष देऊन इथे काहीही साधणार नाही.

मग मी जेवण बघितलं. कॅरम टीव्हीसमोर. ताटातलं संपायच्या आत आजी पुढची भाकरी टाकतात, तो न बघता तोडतो. मांजरच्या मागे वाटी-चमचा घेऊन घरभर, हातात मोबाईल दिला तर तोंड उघडतं. एक घास आजीचा, एक बाबांचा, एक माऊचा. पाऊण तास गेला, अर्धी वाटी भात संपला. तिनं पाच वाजता मोठा पेला दूध चॉकलेटची पूड घालून घेतलं होतं, सातला पुन्हा अर्धा पेला. आठला भूक असेल कुठून?

दोघांच्या बाबतीत घडतंय ते एकच. किती खायचं ते दुसरं कुणीतरी ठरवतं. एकाचं शरीर ते मुकाट ऐकतं, दुसरीचं भांडतं.

निघताना आजींनी कॅरमची मान दाखवली. "किती घासली तरी मळ जात नाही. डाळीचं पीठ लावते, वजरीनं घासते, रडतो पण ऐकत नाही मी." मानेच्या मागे घड्यांत काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता, काखेतही तसाच. हा मळ नसतो. याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीराला इन्सुलिन पुरेसं वापरता येत नाही, रक्तात ते वाढतं, आणि त्याची खूण कातडीवर अशी उमटते. आजींना सांगितलं, घासणं आजपासून बंद, आणि या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी कॅरमच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

ही खूण शाळेत शिक्षकांना ओळखता आली पाहिजे. अस्वच्छ म्हणून अशा मुलांना वर्गात उभं केलं जातं.

२ ऑगस्ट २०२५

पालक सभा. आया बहुसंख्य, आज्या बऱ्याच, बाबा थोडे. वजनाचा शब्दही न काढता सुरुवात केली आणि एकच प्रश्न विचारला: मुलानं किती खायचं हे तुमच्या घरी कोण ठरवतं? पाच मिनिटं नुसता गलका.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची जी वाटणी सांगितली आहे, ती मराठी घराला बसेल अशी मांडली. काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलानं. मोठे आपलं काम सोडतात (फर्माईश होईल ते मागवतात) आणि मुलाचं काम आपल्याकडे घेतात (अजून एक घास), तिथे गाडी अडते.

एका आईनं विचारलं, "आग्रह केला नाही तर तो खाणारच नाही, मग?" तिला पेनसिल्व्हेनियातला २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. बालवाडीतल्या मुलांना सूप दिलं. एका सूपच्या वेळी "सूप संपव" असं मधूनमधून म्हटलं, दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हटलं नाही. आग्रह झाला तेव्हा मुलांनी कमी खाल्लं आणि सूपला नावंही जास्त ठेवली. नवी भाजी मूल पहिल्या फटक्यात घेत नाही, आठ-दहा-पंधरा वेळा ताटात दिसावी लागते, कधी नुसती वासासाठी. आपण दोनदा करून "याला आवडत नाही" असा शिक्का मारतो, आणि तो शिक्का मूलही आयुष्यभर वागवतं.

मागच्या रांगेतून एक बाबा म्हणाले, "मला स्वतःला कारलं-दोडकं चालत नाही, त्याला काय सांगू?" फार बरं वाटलं. मुलाच्या ताटाआधी बाबांच्या ताटाकडे कुणीतरी बघितलं.

आज्यांसाठी वेगळं बोलले. ताटात टाकायचं नाही, हा नियम राहू दे, चांगला आहे. फक्त पहिल्यांदा कमी वाढा. मुलाला मागू द्या, मागितलं तर जरूर वाढा. अन्न वायाही जाणार नाही आणि पोटाची हाकही मुलाला ऐकू येईल.

२१ ऑगस्ट २०२५

पाकीट-वाचन. यंदा मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना साखर-फलक, म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारा फलक, लावायला सांगितलं. आमची शाळा राज्य मंडळाची, तरी आम्ही आमचा फलक मुलांकडून करून घेतला. त्यांनी घरून रिकामी पाकिटं आणली. हिशेब असा: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला १७०० किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे ४२ ग्रॅम ही कमाल, २१ ग्रॅमच्या आत असेल तर छान. कोलासारख्या पेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर, २५० मिलिलिटरची बाटली २६ ग्रॅमच्या आसपास. पतंगनं काचेच्या पेल्यात सपाट चमच्यानं साखर टाकायला घेतली. पाचवा चमचा पडल्यावर वर्ग गप्प झाला, अजून थोडी उरलेलीच होती.

क्रीमच्या बिस्किटात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास साखर निघाली. मुलांना खरा राग आला तो दुधात घालायच्या पुडीचा. "यावर तर खेळाडूचं चित्र आहे!" या पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असं केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं आहे. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. घराघरांत ही माहिती मुलांनीच पोचवली. माझ्या पत्रकापेक्षा ते नक्कीच वेगानं झालं.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मेद, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री नको, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. फाटकासमोर गाडी आहेच. गाडीवाल्या मावशींना हाकलायचं नाही, असं माझं मत. त्यांच्याशी बोलून उकडलेल्या शेंगा, कणीस, काकडी, पेरू ठेवायला सांगितलं. "खपलं तर ठेवीन," म्हणाल्या. रास्त आहे.

१२ सप्टेंबर २०२५

गणपतीत भेटी बंद होत्या. मोदकांबद्दल पालकांनी विचारलं, मी खुशाल खाऊ द्या म्हटलं. सणाचं ताट वर्षातून काही वेळा येतं, बिस्किटाचा पुडा रोज येतो.

परवा युनिसेफचा अहवाल आला. जगात ५ ते १९ वयोगटात लठ्ठपणाचं प्रमाण (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या प्रमाणाच्या (९.२ टक्के) पुढे गेलं आहे. अहवालाचा रोख मुलांच्या आळसावर नाही. स्वस्त, चटकदार, अतिप्रक्रिया केलेलं खाणं आणि त्याच्या जाहिराती मुलांच्या अवतीभोवती पसरल्या आहेत, त्यावर आहे. शिक्षक-कक्षात वाचून दाखवला. "मूलच हावरट" हे वाक्य या शाळेतून जायला हवं.

११ ऑक्टोबर २०२५

कॅरमच्या घरी पुन्हा, मुद्दाम रात्री. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर मर्यादेत आहे, औषध नको, खाणं-खेळ-झोप सुधारा आणि सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. आजींनी घासणं थांबवलंय. भाकरी आता मागितल्यावरच वाढतात. मग वजन का हलत नाही, हे बघायला मी पावणेदहापर्यंत थांबले.

बाबा आले. हातात कागदी पिशवी, त्यात क्रीम रोल आणि वडापाव. मुलं धावली. बाबा जेवायला बसले, कॅरम त्यांच्या मांडीला मांडी लावून, आणि आठला जेवलेला मुलगा बाबांच्या ताटातून पुन्हा अख्खी भाकरी जेवला. रोज हे असंच. कुणी याला जेवण म्हणून मोजतच नव्हतं. बाबांना मी हळूच विचारलं. म्हणाले, "ताई, सकाळी निघतो तेव्हा ही झोपलेली असतात. दिवसातनं एवढीच वीस मिनिटं पोरं भेटतात. रिकाम्या हातानं कसा येऊ?"

ती पिशवी काढून घ्यायची तर तिच्या जागी काहीतरी द्यायला हवं, आणि ते वीस मिनिटांइतकं गोड हवं. आम्ही सगळे बसून ठरवलं: सहा वाजता मुलांना खरं खाणं, म्हणजे उसळ-पोळी, थालीपीठ, पोहे. बिस्किटं नाहीत. आठला आजींबरोबर साधं जेवण, टीव्ही बंद. बाबा आल्यावर कॅरमचा एक बोर्ड, मग झोप. सुट्टीच्या दिवशी सगळे एकत्र जेवणार. पिशवी येऊ दे, पण तिच्यात सीताफळ, पेरू, पुढे बोरं. झोपेचा मुद्दाही मी लावून धरला, या वयाला ९ ते १२ तास लागतात आणि कॅरमला जेमतेम सात मिळत होते. झोप अपुरी पडली की भूक वाढते आणि गोडाकडे हात जातो.

मांजरचं दूध सकाळी एकदाच, बिनपुडीचं. मोबाईल नाही. पहिले काही दिवस ती जवळजवळ जेवली नाही, आणि आजींनी डोळ्यांत पाणी आणून ते सोसलं. मग एका संध्याकाळी ती स्वतः ताटली घेऊन ओट्याशी उभी राहिली.

२४ नोव्हेंबर २०२५

दिवाळीनंतरचे डबे पाहिले. फराळ संपलाय, सुक्या उसळी दिसू लागल्यात, धिरडी बरीच. ज्या घरांत दोघंही उशिरा येतात तिथे बदल कमी, हे मान्य करायला हवं. तिथे ऑनलाइन मागवणं हा थकलेल्या माणसांचा इलाज आहे, सल्ल्यानं तो सुटत नाही. त्या पालकांसाठी रविवारी एकदाच कडधान्यं भिजवून-मोड आणून फ्रीजमध्ये ठेवण्याचं साधं वेळापत्रक करून दिलं.

मोठ्या सुट्टीत मैदान चौथीला रोज खुलं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला तासभर दमवणारा खेळ हवा आणि इथे पीटीचे तास गणिताला जातात. मुख्याध्यापिका बाईंनी आज ते लेखी थांबवलं.

१२ जानेवारी २०२६

दुसरी मोजणी. तोच पडदा, तोच काटा. वाढत्या वयात वजन उतरवायचं नसतं, बहुतेकदा ते थोपवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. कॅरम १३९ सेंमी, ४३.४ किलो, बीएमआय २२.५. अजून वरच्या रेषेच्या वरच आहे, पण वळण दिसतंय. मानेचा पट्टा तसाच आहे, त्याला वेळ लागेल हे घरी आधीच सांगून ठेवलं होतं. मांजरचं वजन किलोभर वाढलं. पतंगचं वजन मात्र चढलं. त्याच्या घरी आजोबा आजारी, दोन महिने सगळं बाहेरचं खाणं चाललंय. तिथे आत्ता पत्रक घेऊन जायचं नाही, डबा कुठून येऊ शकेल ते बघायचं. शेजारच्या दोन आया तयार आहेत.

फेब्रुवारीची कामं: पाचवीच्या वर्गशिक्षिकांना हीच पाकिटं आणि डब्याचा बदललेला नियम समजावणे. मानेच्या खुणेबद्दल सगळ्या शिक्षकांसाठी अर्ध्या तासाचं सत्र. बाबांची वेगळी सभा, रविवारी सकाळी, कारण रात्री त्यांना जमत नाही. सुक्या उसळी शिकवायला कॅरमच्या आजी येणार आहेत, त्यांनी विचारलंय, किती मुलांसाठी करू.